शेतात दगड परत टाकून आलो

गणपती गावाला गेले, घर जरा मोकळं झालं आणि जनीचा फोन आला. जनी माझी थोरली बहीण. मासवणच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या पाड्यात राहते. आम्ही दोघी तिथेच वाढलो. मी लग्नानंतर तारापूरला चिकूच्या वाडीत कामाला आले ती तिकडचीच झाले. दरवर्षी दिवाळी सरली की तिच्याकडून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं येतं. या खेपेला म्हणाली, "सोने, यंदा नागलीची वाट बगू नको. पीक नाय." आणि फोन ठेवला.

माझी बहीण फोनवर आली की आधी सगळ्या कोंबड्यांची खुशाली सांगते, मग माणसांची. ती कोंबड्यांचं नाव न घेता फोन ठेवते म्हटल्यावर मी हबकले. मुलाला, अनंताला सांगितलं, "उद्यापासून रजा टाक, मावशीकडं जायचं."

"आये, कंपनी माज्या बापाची नाय."

"मावशी तर तुजीच हाय ना? आणि जेसीबी कोणी धाडला व्हता?"

त्याने रजा टाकली. वैशाखात अनंताने मावशीला भेट म्हणून बोईसरहून जेसीबी धाडला होता, तिच्या शेतातले दगड काढायला. त्या टेकडीची जमीन वरकस, उताराची आणि हलकी. मातीपेक्षा दगडगोटेच जास्त, बोरापासून नारळाएवढे. नांगर चालत नाही, सगळं कुदळीवर. लहानपणी आम्ही बहिणी पाट्या भरभरून दगड बांधावर टाकायचो, पुढच्या पावसात खालून नवे वर यायचे. आमचा बा म्हणायचा, हितं आपण नागली पेरतो आणि दगड आपले आपण उगवतात. जेसीबी गेल्यावर जनी फोनवर हसत होती, "सोने, शेत कसं तळहातासारकं झालंय! बा असता तर नाचला असता." मीही इकडे पेढे वाटायची बाकी होते.

तर निघालो. तुम्हाला जायचं असेल तर ऐका. तारापूरहून बोईसरला शेअर रिक्षा मिळते. चौथ्या माणसाला अर्धी बैठक, पाचव्याला नुसती आशा. मी रिक्षावाल्याला बोलायला लागले तर म्हणतो, "अम्मा, पहले बैठो, फिर डाँटो." बोईसरला वडापाव खाऊन घ्या, पुढे खाण्याची खात्री नाही. तिथून पालघर आणि पालघरहून मनोरची एसटी. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट नाही, आधार कार्ड मात्र हवं. त्यावरचा फोटो माझा आहे हे कंडक्टरला पटायला वेळ लागला. मला अक्षर येत नाही, गाडीवरची पाटी वाचता येत नाही. मी माणसांना विचारते. पाटी वाचणारा अनंता मात्र आधी चुकीच्या गाडीत चढला होता.

वाघोबा खिंडीत ड्रायव्हरने गाडी हळू केली, सगळ्यांनी हात जोडले. बाजूने झरे नुसते कोसळत होते. फोटो काढणाऱ्यांनी डाव्या खिडकीचा हट्ट धरू नये, मी बसले होते. तिथे एके ठिकाणी रस्त्यासाठी कड कापलेली. वर गवत, गवताखाली वीतभर माती, तिच्याखाली लालसर मुरूम आणि मग काळा पत्थर थेट रस्त्यापर्यंत. बालपण त्या डोंगरात गेलं, पण डोंगर असा कापलेला मी कधी बघितला नव्हता.

"अनंता, माती एवढीच? एवढ्याशा मातीवर आमाला आयेनं वाढवलं?"

"सगळीकडं अशी नसंल, आये," तो म्हणाला. पण त्यानेही मान वळवून पुन्हा बघितलं.

मासवणला उतरून पाड्यापर्यंत चढण आहे. पावसाळ्यात रबरी चप्पल घालून जाऊ नका, मी गेले. जनी दारातच बसली होती. सुक्या बोंबलांची पिशवी दिली तर वासही घेतला नाही. म्हणाली, "चल, दावते."

तिच्या मागून गेलो. शेत नव्हतंच तिथे! उघडा मुरूम, गुलाबी, टणक, पाय आपटला तर टाच दुखावी असा. मध्ये वाहत्या पाण्याने पाडलेल्या घळी, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. कुठे कुठे नागलीची पिवळी काडी, बोटभर उंच. भाजून उरल्यासारखी. मी खाली वाकून माती उचलायला गेले तर मुठीत नुसती खडी आली.

"पहिल्या मोठ्या पावसातच खाली गेली," जनी म्हणाली. "मी पडवीतनं बगत व्हते. लाल पानी, लाल पानी. रोपं लावली ती पन गेली. पानी पडलं की दोन दिसांत असं सुकतं, जसं पडलंच नाय."

अनंताचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "मावशी, मी तर चांगल्यासाटी..."

"मी पन हसलेच व्हते ना रं," ती म्हणाली. "जन्मभर त्या दगडांना शिव्या दिल्या. तुज्या आयेनं तर जास्त."

खरं आहे. दिल्या.

मग तिने वरच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे आमचा वाघदेव आहे, शेंदूर लावलेला उभा पत्थर. जेसीबीवाला पोरगा परमुलखातला, पण देव दिसल्यावर चपला काढून खाली उतरला आणि म्हणाला, इथं मशीन नाय लावणार. त्यामुळे देवाभोवतीचा चार खाटांएवढा तुकडा जसा होता तसाच राहिला, दगडांनी भरलेला. त्या दगडांमधून नागली कमरेएवढी उभी होती! हिरवीगार, कणसं मुठी वळायला लागलेली. मी एक दगड उचलला. खाली ओल, मुंग्या, आणि पांढऱ्या मुळ्यांचं जाळं दगडाला धरून बसलेलं. हातभर पलीकडे उचलायला दगड नव्हता आणि ओलही नव्हती.

 आम्ही बहिणी एवढी वर्षं या मातीत वाकलो, आणि दगडाखाली काय असतं हे कधी बघितलं नाही. उचलला की फेकला.

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकर आणि आम्हीच नेलेले बोंबील. जनीची सून सुनंदा, सासूला ती आत्या म्हणते, वाढता वाढता म्हणाली, "मावशी, दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जातो. घरात नागली असली म्हंजे आत्या हितं ऱ्हातात. यंदा त्यांना पन नेऊ. हितं काय खातील?" जनी भाकर मोडत राहिली. या वयात ही बाई भट्टीच्या धुरात, पाल ठोकून राहणार!  म्हणून फोनवर कोंबड्यांचं नाव निघालं नव्हतं. कोंबड्या विकायला काढल्या होत्या.

सकाळी उठून बघते तर अनंता शेताच्या खालच्या टोकाला. जेसीबीने दगडांचा मोठा ढीग तिथे लावलेला. तो ढिगामागे उकिडवा बसून ओरडला, "आये, हिकडं ये!" ढिगाच्या वरच्या अंगाला मऊ लाल माती साचली होती, गुडघाभर. वाहून जाताना तेवढी दगडांनी अडवली होती. फेकून दिलेल्या दगडांनी! मी जनीकडे बघितलं, तिने कपाळावर हात मारला.

मग काय. अनंता पाटी भरून दगड वर नेऊन टाकायला लागला. मागून सुनंदा मातीची पाटी. पाड्यातल्या बाया बांधावर जमल्या. एक म्हणाली, "जने, तुजा भाचा बरा हाय ना? लोकं शेतातनं दगड काडतात, ह्यो घालतो!"

"कंपनीत शिकवलंय त्याला," जनी म्हणाली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. दुसरी बाई पदर खोचून ढिगाकडे वळली, मग बाकीच्याही. मी बसून कुठला दगड कुठे टाकायचा ते सांगत होते. वयाचा काहीतरी फायदा हवा.

संध्याकाळपर्यंत वरची एक पट्टी झाली. सगळं शेत नाही. ते व्हायला आमचं वय पुरणार नाही. जनीने त्या पट्टीत खुरासणी, तेलाचं बी, फेकली, उशिराची का होईना. मग हात धुऊन वाघदेवापुढे बसली. देवाच्या कोपऱ्यातलं कणीस आमच्यात कोणी कापत नाही, ते पाखरांचं. जनी त्याला म्हणाली, "यंदा कणसं पिकली का मी घेनार हाय. खायाला नाय, बियाला. तुजं तुला परत पेरून देते. रागवू नको."  आमच्या आईने उपासात दिवस काढले, पण त्या कणसांना हात लावला नव्हता.

उठताना सुनंदाला म्हणाली, "भट्टीवर तुमी जा. मला कणसं राकायची हायत. मागनं बी घरात असंल. बी टाकून घर सोडून कोन जातं?"

"आणि खायाचं काय?" सुनंदाने विचारलं.

"ह्या वर्षी गाठोडं तारापूरवरनं येईल," मी म्हटलं. "एवढी वर्षं मी खाल्लं, आता हिला खाऊ दे."

परतीची गाडी सकाळची धरा, दुपारी ताटकळत बसावं लागतं. अनंताच्या तळहाताला फोड आले होते, खिडकीचा दांडाही धरवेना. खिंडीत ती कापलेली कड परत दिसली.  दोघांनी बघितली.

घरी येऊन पिशवी झटकली तर आत एक दगड. लिंबाएवढा, तपकिरी, एका बाजूला लाल माती चिकटलेली. कसा आला देव जाणे. हे सगळं मी नातीला सांगून लिहून घेतेय, तेव्हा तो समोर खिडकीत आहे. नात म्हणाली, "आजी, फेकू का?"

तेवढ्यात जनीचा फोन. आधी कोंबड्यांची खुशाली झाली, विकायच्या राहिल्या म्हणाली. मग मी दगडाचं सांगितलं. वाटलं, हसेल.

"परत घेऊन ये तो," जनी म्हणाली. "शेतातला हाय."