एका नंबरवर दोघे

घाटकोपरला आमचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे. इमारतींचं स्ट्रक्चर तपासणारी एक इंजिनियर तिथे अधूनमधून येते. खारदांड्याची, माझ्याच वयाची. आमचं पहिल्याच भेटीत अगं-तुगं झालं. नवा प्रिंटर आला आणि थोड्याच दिवसांत एक विचित्र गोष्ट लक्षात आली. ती आली की प्रिंटर अडायचा, गेली की सुरळीत. हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "पायगुण, दुसरं काय." सगळे हसले, मीही हसले. हे तिच्या कानावर जायचं ते गेलंच.

एकदा पालिकेत द्यायचे नकाशे छापायचे होते. ती आली ती दारातच थांबली.

"तुमचं होऊ दे ना आधी. मी खाली चहा घेते."

मला कसंसंच झालं. शिवाय कुतूहलही होतं : हिच्याच वेळी का?

"आत ये. फक्त लॅपटॉप उघडू नकोस," मी म्हटलं.

प्रिंट निघाली. मग तिने लॅपटॉप चालू केला आणि पुढची अडकली. लॅपटॉप बंद केला, तशी अडकलेली प्रिंट बाहेर आली.

"म्हणजे पाय नाही, लॅपटॉप," ती म्हणाली.

आता दोघींनाही राहवेना. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस, म्हणजे एक नंबर असतो, एवढं माहीत होतं. प्रिंटरच्या पडद्यावर त्याचा नंबर शोधला, मग तिच्या लॅपटॉपचा. दोन्ही तंतोतंत एकच.

वाचत, विचारत उलगडा झाला. प्रिंटर बसवणाऱ्याने त्याला हाताने पक्का नंबर दिला होता, पण ऑफिसच्या वायफायच्या राउटरला त्याची खबरच नव्हती. येईल त्याला मोकळा नंबर वाटणं हे राउटरचं काम. त्याने तोच हिला दिला, आणि ओळख ठेवून दर वेळी तोच देत राहिला. मग प्रिंटरला पाठवलेलं तिच्या लॅपटॉपकडे वळायचं.

आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, म्हणाले, "मग सगळ्यांनाच पक्के नंबर देऊन टाका. कटकट नको."

"येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनलाही?" तिने विचारलं. "ते आज आहेत, उद्या नाहीत. जे जागचं हलत नाही आणि सगळे ज्याला शोधतात, त्यालाच पक्का द्या."

सरांना ते पटलं. राउटरमध्ये प्रिंटरच्या नावावर तो नंबर राखून ठेवला, सगळ्यांच्या फायली साठवणाऱ्या यंत्रालाही एक दिला. बाकी सगळं राउटरच्या मर्जीवर. तिचा लॅपटॉप पुन्हा जोडला, त्याला वेगळा नंबर मिळाला. नकाशे तिनेच छापले. हिशेबाच्या बाई उठून कागद जुळवायला तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मुलुंडला घरी पोचल्यावर मी आमच्या राउटरचं, जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवणारं पान उघडून बसले. एक यंत्र काही केल्या ओळखू येईना. नवऱ्याला घरभर एकेक वस्तू बंद करायला लावली, तेव्हा कळलं, तो आमचा टीव्ही होता.