पितराच्या पानातली चतकोर पोळी

परवा अक्षय तृतीया झाली. हे गेल्यानंतरची पहिलीच... त्यामुळे घर सकाळपासून भरलेलं होतं.

भातकुलीहून माझे दीर आणि धाकटी जाऊ नंदा आदल्या दिवशीच अकोल्याला आले होते. नंदाने पहाटेच पुरण शिजत लावलं. मला ओट्याजवळ उभंही राहू दिलं नाही. "ताई, तुमी बसा. मी करून राहिली ना!"

आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी जेवायला बसवतात. तो त्या दिवसापुरता आमचा पितर. पानात जे वाढलं जाईल त्याला त्याने नाही म्हणायचं नसतं. मी बंडूभाऊंना बोलावलं होतं. जठारपेठेत आमच्या गल्लीतच राहतात, यांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती. शुगरमधलेही सोबती म्हणा...

यांना शुगर निघाली तेव्हा पन्नाशी नुकतीच उलटली होती. लग्नाच्या पंगतीत पैज लावून पुरणपोळ्या खाणारा माणूस. डॉक्टरकडून आल्यावर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग एका संध्याकाळी कॅनव्हासचे दोन जोड बूट घेऊन आले. एक माझ्या मापाचा.

मी म्हटलं, "मला कुठे शुगर आहे?"

"मले हाय ना. एकट्यानं फिराले करमत नाही."

पुढे काही वर्षांनी मलाही निघाली. रिपोर्ट वाचून हे म्हणाले, "आता खरी जोडी जमली." दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही दोघं हसलो होतो.

चहातली साखर गेली. गव्हाची पोळी जाऊन ज्वारीची भाकर आली. जेवणाआधी काकडी, मुळा, जे असेल ते खायचं. सणाच्या दिवशी मात्र ते पोळी मागायचे, पण चतकोरच. तिच्यावर तूप घेऊन इतकी सावकाश खायचे की बाकीच्यांची पंगत उठून जायची. मग हात धुऊन माझ्याकडे बघायचे. "चाला, जिरवून येऊ."

इतकं साधं होतं सगळं... आणि त्यातच आमची शुगर बरीच वर्षं आटोक्यात राहिली.

मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि हे गेले. तेव्हापासून माझे बूट दाराआड पडून होते. मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि असंच चाललं तर इन्सुलिनवर जावं लागेल म्हणाले. फिरणं का बंद केलं, असंही विचारलं. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

तर परवा बंडूभाऊ पाटावर बसले. नंदाने पान वाढलं... वडे, कढी, कुरडया, आंब्याचा रस, आणि तुपात न्हालेल्या दोन अख्ख्या पुरणपोळ्या. वर आणखी एक घेऊन ती उभीच होती. "आमच्या दादाले रसासंग पोई लय आवडे. पोटभर जेवा, भाऊ."

बंडूभाऊ तर स्वतः इन्सुलिन घेणारा माणूस. पितर म्हणून बसले होते, नाही कसं म्हणणार? त्यांनी पानाला नमस्कार केला आणि पोळीचा घास मोडला.

मी चारचौघांत फारशी बोलत नाही. दिरांसमोर तर नाहीच. पण त्या पानाकडे बघून मला एकदम वाटलं, हे पान यांचं नाहीच. नंदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या माणसाला वाढत होती. मी ज्यांच्याबरोबर जेवत होते, ते वेगळे होते.

"नंदा, थांब," मी म्हटलं. "यांना चतकोर वाढ."

ती बघतच राहिली. "ताई, पितराच्या पानात चतकोर? पयल्या सनाले? मानसं काय म्हनतीन?"

दीरही म्हणाले, "वयनी, आजच्या दिवस राहू द्या ना."

तेव्हा बंडूभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. "नंदाबाई, तो आज असता तं त्यानं चतकोरच मांगतली असती. अन् मले दुसरा वडा घेऊ देल्ला नसता. लय वंगाळ मानूस होता!"

सगळे हसले. हसता हसता नंदाने पदर डोळ्यांना लावला. "आमचे सन भातकुलीले, मले कोनी सांगतलंच नाही ना, ताई... मी तं त्यायच्या आवडीचं करून राहिली होती."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्यासाठी सकाळी थापलेली भाकर टोपल्यातून आणली, वांग्याची भाजी वाढली, काकडी चिरून ठेवली. शेजारी चतकोर पोळी. त्या पानाकडे बघितलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हे घरात असल्यासारखे वाटले.

बंडूभाऊंनी पोळी अगदी सावकाश खाल्ली. मुद्दामच, असं मला वाटतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर फाटक वाजलं. बघते तर बंडूभाऊ, पायात बूट. आत आलेच नाहीत. रस्त्यावरूनच म्हणाले, "वयनी, चाला. जिरवून येऊ."

मी दाराआडचे बूट काढले, धूळ झटकली. नाडी बांधायला जरा वेळ लागला... नंदाही चप्पल घालून निघाली. "मी बी येतो, ताई. लय खाल्लं आज."

कालही मी फिरायला गेले. आज सकाळीही जाऊन आले.

शुगरचं काय ते पुढच्या रिपोर्टमध्ये कळेल. पण माणूस गेल्यावर त्याची सवय आपल्यापाशी ठेवता येते, हे मला परवा कळलं. बंडूभाऊ, फाटक वाजवलंत... खूप बरं केलंत.