गुंड्या-बंड्याचं ऑपरेशन

आमच्या घरात आजवर दोनच ऑपरेशनं झाली. दोन्ही सशांची. थकले मात्र मी.

मुलांनो, तुम्ही तिकडे बर्फात राहता, तेव्हा नागपूरचा मे महिना तुम्हाला समजावून सांगायच्या फंदात मी पडत नाही. आम्ही नागपुरातल्या महाल भागात राहत होतो आणि तुमची आई तेव्हा दुसरीत होती. तिने हट्ट करून दोन ससे आणले, गुंड्या आणि बंड्या. सख्खे भाऊ! लहान होते तोवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचे. मग ते वयात आले, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या वनिताबाईंनी चिंगी नावाची सशीण पाळली. झालं! दिवसभर मारामाऱ्या, घरभर उडणारे केस, आणि उरलेल्या वेळात फवारे मारून आपापली हद्द आखणं. त्या हद्दीत एकदा सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं आलं.

"यांना उद्याच्या उद्या कन्हानला पाठवा!" सासूबाईंनी हुकूम सोडला.

कन्हानला तुमच्या आजोबांचे एक मित्र राहायचे. माणूस फार प्रेमळ. सावजी रस्सा स्वतः रांधायचे. कशाचाही! तुमच्या आईला हे ठाऊक होतं. तिने पिंजऱ्याला मिठी मारली आणि जेवण सोडलं.

मी पद्धतशीर बाई. चौकशी केली, तेव्हा कळलं की उपाय आहे. अडचण एवढीच, की तो मला फक्त इंग्रजीत म्हणता येत होता! मराठीतला शब्द बैलांसाठी वापरायचा, आणि तो कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या सुनेने सासूसमोर उच्चारायचा कसा? शेवटी जनावरांच्या दवाखान्यात आजोबांना आत धाडलं. मी बाहेर कडुनिंबाखाली, दोन म्हशींच्या मधोमध, पदर सावरून उभी. खिडकी उघडी होती.

"डॉक्टरसाहेब, या दोघांचं ते... करायचं होतं."

"काय, नखं कापायची?"

"नाही. म्हणजे... यांचा संसार व्हायला नको."

"अस्सं! खच्ची करायचे! मग मोठ्यानं बोला ना साहेब, लाजून काहून राहिले?"

दोन्ही म्हशींनी वळून माझ्याकडे बघितलं. मी तिथून निघाले आणि काहीही ऐकू येणार नाही इतक्या लांब, फाटकापाशी जाऊन उभी राहिले.

यथावकाश आजोबा टोपली घेऊन बाहेर आले. कान लालभडक.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"टाके ओले होऊ देऊ नका म्हणाले."

"आणखी काही?"

"आणखी... नाही. चल, ऊन झालं."

घरी आल्यावर आम्ही गुंड्या-बंड्याला बैठकीत, कूलरसमोर झोपवलं. टाके सुकले. तुमची आई जेवू लागली. मलाही वाटलं, आता दोन घटका पाठ टेकता येईल. तेवढ्यात वनिताबाई दारात.

"वैनी, आमच्या घरी कूलर नाही. माही चिंगी तापून राहिली वं! दुपारच्याले तुमच्या इथं ठेवू का? पण ते तुमचे दोघं..."

"अहो, निर्धास्त ठेवा! त्यांचं सगळं झालंय!"

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, चिंगीला दुसऱ्या खोलीत ठेवलं तर?"

"दुसऱ्या खोलीत कूलर आहे का?"

"नाही."

त्यांनी झोपाळ्यावरच्या आपल्या आईकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पान आणायला म्हणून बाहेर निघून गेले. मे महिन्यात! भर दुपारी! (तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी दमले होते.)

पुढे रोज दुपारी तिघं कूलरसमोर. भांडण नाही, तंटा नाही. "बहीण-भावंडांसारखे झोपतात हो!" सासूबाई कौतुकाने म्हणायच्या.

जून संपता संपता वनिताबाई पुन्हा आल्या. या वेळी टोपली घेऊन. टोपलीत चिंगी, आणि चिंगीखाली गुलाबी, वळवळणारं बरंच काही.

"हे घ्या वैनी, तुमच्या ब्रह्मचाऱ्यांचा प्रसाद!"

"हे शक्यच नाही! त्यांचं ऑपरेशन झालंय!"

"मंग हे काय आभाळातून पडले?"

मागून आजोबा खाकरले. "डॉक्टर म्हणाले होते... ऑपरेशननंतर महिना-दीड महिना मादीजवळ सोडू नका. आधीची काही शिल्लक असते म्हणे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आईसमोर? असलं?"

झोपाळा थांबला. "अरे, नऊ बाळंतपणं काढली मी! तू काय मला परसात सापडलास?"

तुमच्या आईला या कशाशीच घेणंदेणं नव्हतं. ती टोपलीला बिलगून रडत होती. "आता हे सगळेच कन्हानला?"

सासूबाई उठल्या. वाकून टोपलीत बघितलं. एक पिल्लू अलगद तळहातावर घेतलं. "वेडी आहेस का? ओल्या बाळंतिणीला कोणी घराबाहेर काढतं?"

अशी शिक्षा टळली. पण माझ्या पद्धतशीर डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. यातले नर उद्या मोठे होणार, भांडणार, फवारे मारणार! दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाई पूजेला बसल्या आणि चिंगी मेथी खाण्यात गुंगली असताना, मी टोपली उचलली आणि एकटी दवाखाना गाठला. बैल, म्हशी आणि त्यांचे मालक, सगळ्यांच्या मधून थेट आत शिरले, आणि सुस्पष्ट मराठीत, खणखणीत आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हे सगळे खच्ची करायचे आहेत! आजच्या आज!"

एका शेतकऱ्याने टोपी नीट करून जमिनीकडे बघितलं. डॉक्टरांनी टोपलीवरचं फडकं उचललं, बोटाएवढ्या त्या पिल्लांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाई, यांचे तर अजून डोळेही नाही उघडले. पोरगा कोणता, पोरगी कोणती, मलेही सांगता येत नाही. तुम्ही असं करा, यांना मायजवळ ठेवा, अन् तुम्ही थोडं झोपून घ्या."

मी घरी आले आणि संध्याकाळपर्यंत झोपले. त्या अख्ख्या प्रकरणात डॉक्टरांची थेट माझ्यापर्यंत पोचलेली सूचना तेवढी एकच!