मुराळ्याची जीप

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणारी आमच्या गल्लीत आता मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांची एकतर माहेरं संपली, नाहीतर गुडघे. गुडघे माझेही गेलेत, पण माहेर शाबूत आहे, कारण भाऊ शाबूत आहे. आमचं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून दर आखाजीच्या आधी माझा थोरला भाऊ मुराळी होऊन धुळ्याला येतो, मला जीपमध्ये बसवतो आणि माहेरी घेऊन जातो. लग्नानंतर मला न्यायला दुसरं कुणी आलं, अशी एकही आखाजी मला आठवत नाही.

जीप आमच्या वडिलांनी घेतलेली. तिच्याहून जुना त्या घरात आता फक्त भाऊ. केळीच्या बागेत तिनं घड वाहिले, आमच्या वऱ्हाडाची माणसं वाहिली, आणि म्हातारपणी ती कधी कधी रुसते. गेल्या थंडीत ती तापीच्या पुलाजवळ रुसली, तेव्हा माझ्या भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं, ट्रॅक्टर नेऊन ओढून आणली. तेव्हापासून त्या पोराचं एकच टुमणं, नाना, आता तुमचं गाडी चालवणं पुरे. पोरगं गुणी आहे हो, बापाच्या काळजीनंच बोलतं. शेवटी बापलेकांत ठरलं की या आखाजीला जीप आत्याला घेऊन धड परत आली तर ठीक. कुठे अडली, तर पुढच्या वर्षापासून आत्याला आणायला भाचा जाणार, त्याच्या एसीच्या गाडीनं.

भावानं काय करावं? जीप रंगवून घेतली. हिरवा रंग, असा की बघणाऱ्यानं चेहरा पाहून घ्यावा. बहीण माहेरी येणार ती झकपक गाडीतून आली पाहिजे, म्हणे. मी दारात उभी राहून बघतच राहिले. मग त्यानं इंजिन बंद केलं, पाणी प्यायला, जेवला, हात धुतले, मला म्हणाला चल. किल्ली फिरवली तर जीप एकदा कट् म्हणाली आणि गप्प.

पिशवी खाली ठेवून मी देवाचं नाव घेतलं. भाऊ मात्र निवांत. त्यानं सांगितलं, "काटा बठ्ठा रस्ता मायनसमा व्हता." जीपच्या डॅशबोर्डवर एक घड्याळासारखी तबकडी आहे. तिचा काटा अधिककडे झुकला तर बॅटरी भरतेय, उणेकडे झुकला तर नुसतीच रिकामी होतेय. म्हणजे गावाहून निघाल्यापासून जीप साठवलेल्या शिदोरीवर चालत होती, आणि ती शिदोरी माझ्या दारात संपली. मी म्हटलं, गावी कळवायची गरज नाही, दारात बंद पडणं म्हणजे काही अडणं नव्हे. पण आमच्या ह्यांच्या पोटात काही राहील तर शपथ. मी आत येईपर्यंत ह्यांनी फोनवर भाच्याला सगळं सांगूनही टाकलं होतं. भाचा म्हणाला, मी निघतोच. गावाहून धुळ्याला यायला लागेल तेवढाच वेळ आता भावाच्या हातात होता.

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

आता गंमत अशी की बंद गाडी दिसली की धुळ्यातला प्रत्येक पुरुष मिस्त्री होतो. शेजारचे म्हणाले बॅटरी गेली, नवी टाका. हे कूलरसमोर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, की जुना डायनामो काढून फेका आणि नव्या गाड्यांचा अल्टरनेटर बसवा. भाऊ सगळ्यांना हो हो म्हणाला आणि कुणाचंच ऐकलं नाही. शेजाऱ्याची जोडी चांगली म्हणून आपले बैल विकत नाहीत, एवढंच पुटपुटला. मग शर्ट काढून बनियनवर आला, सीटखालून एक जुना बल्ब काढला. त्याला दोन वायरी जोडलेल्या. बस्स, एवढंच त्याचं हत्यार.

आधी पट्टा. अंगठ्यानं दाबून पाहिला, ताठ होता. मग बॅटरीची टोकं. त्यावर पांढरं साचलं होतं, ते गरम पाण्यानं धुतलं, पुसलं. पण इंजिन सुरू झाल्याशिवाय पुढचं कळणार कसं? माझं लक्ष गेलं घरातल्या इन्व्हर्टरकडे. त्याची बॅटरी ओढत अंगणात आणली, वायरी लावल्या, आणि जीप सुरू झाली. नेमकी तेव्हाच लाईट गेली. हे घामाघूम होऊन बाहेर आले, तर मी त्यांच्या हातात बल्ब दिला आणि म्हटलं, धरा आता.

मी स्टिअरिंगवर. भाऊ सांगेल तसा अॅक्सिलरेटर दाबायचा आणि काटा बघायचा, हे माझं काम. त्यानं डायनामोच्या वायरी सोडवल्या, त्याची दोन टोकं वायरीच्या तुकड्यानं जोडली आणि ह्यांना बल्बची एक वायर तिथे व एक डायनामोच्या अंगाला लावायला सांगितली. मी हलकेच दाबलं आणि बल्ब असा लखलखला की ह्यांनी मान मागे घेतली. डायनामो ठणठणीत होता. ज्याला फेकून द्या म्हणत होते, तोच बिचारा मान मोडून काम करत होता.

मला माझ्या भावाचं हे फार आवडतं. घरात कप फुटला तर मी आधी कुणाचं तरी नाव घेते आणि मग विचारते. हा आधी विचारतो. प्रत्येकाला पुढे बोलावून म्हणणं ऐकून घेतो, आणि ज्याची चूक नाही त्याला बाजूला बसवतो. घाई नाही, चरफड नाही. उन्हानं पाठ भाजत होती, पोरगं निघालेलं होतं, तरी हा प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला, आणि रागही आला, की या माणसाला म्हातारा कोण म्हणतं.

डायनामोच्या वायरी परत जोडून त्यानं बल्ब पुढे नेला, कटआऊटच्या डबीपाशी. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर ही छोटी काळी डबी असते. डायनामोकडून आलेला करंट बॅटरीकडे सोडायचा की नाही, हे ती ठरवते. बल्ब तिथेही पेटला. म्हणजे करंट दारापर्यंत येत होता, दार उघडत नव्हतं. शेजारचे म्हणाले, डबी गेली, नवी आणा. मीही म्हटलं, आणूया ना. वेळ जात होता आणि माझा धीर सुटत चालला होता. मी त्याला म्हटलं, एवढा जीव कशाला काढतोस, येतोय ना तो, जाऊ त्याच्या गाडीनं, काय बिघडतं?

भावानं पहिल्यांदा हात थांबवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुले लेवाले मी उनू का तू मनी बहीन शे. पोरे उनात का तू त्यास्नी आत्या."

तो आला तर मी बहीण, पोरं आली तर त्यांची आत्या. बहीण आणि आत्या यात किती फरक असतो, ते माहेरी जाणाऱ्या बाईलाच कळतं. बहिणीवाचून माहेर अडतं. आत्येसाठी पाट मांडतात, आग्रह करतात, आणि ती निघाली की पाट उचलतात. गाडी एसीची असो नाहीतर विमान असो.

त्यानं डबीचं झाकण काढलं. आतली पट्टी बोटानं दाबली मात्र, माझ्यासमोरचा काटा टुणकन अधिककडे गेला. बोट काढलं की परत उणे. डबीही चांगली होती, फक्त पट्टी आपणहून बसत नव्हती. मग त्यानं वायरीचा एक तुकडा घेतला, एक टोक डबीच्या बुडाला आणि दुसरं बॅटरीच्या उणे टोकाला टेकवलं. ठक् असा आवाज झाला आणि पट्टी स्वतःहून बसली. काटा अधिकमध्ये. भाऊ हसायलाच लागला.

डबीचे स्क्रू सोडून त्यानं ती पत्र्यावरून उचलली, आणि खाली काय, तर तोच हिरवागार नवा रंग. जीप रंगवताना याच पठ्ठ्यानं डबी काढायला लावली होती, तिच्याखालचा पत्रासुद्धा कोरा राहू नये म्हणून. डबीला जी अर्थिंग लागते ती पत्र्यातून मिळते, आणि पत्र्यावर आता करंट अडवणारा रंगाचा जाड थर होता. बहिणीसाठी केलेला थाट नेमका तिच्याच आड आला. मी स्वयंपाकघरातली सुरी दिली. त्यानं तेवढाच रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, डबी आवळून बसवली. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवली, तरी जीप तिच्याच बळावर धडधडत राहिली. काटा अधिकमध्येच होता.

आणि भाचा गल्लीत शिरला.

खाली उतरून तो आधी बापाच्या पाया पडला, मग माझ्या. काटा पाहिला, मान डोलावली. मग अगदी शहाण्यासारखं बोलला. नाना येतील सावकाश जीप घेऊन, आत्या, तुम्ही माझ्यासोबत बसा, ऊन किती आहे. त्यानं दार उघडलं तर थंड हवा माझ्या पायांपर्यंत आली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी भावाकडे पाहिलं. तो बल्बच्या वायरी गुंडाळत होता, वर न बघता म्हणाला, "जाय तेनासंगे. ऊन भलतं शे, तुना गुडघा दुखतीन."

मी माझी पिशवी उचलून भाच्याच्या गाडीत ठेवली आणि त्याला म्हटलं, "पिशवी तू घेऊन ये बाळा. मला माझा भाऊ न्यायला आलाय."

जीपची पायरी उंच आहे आणि सीट तव्यासारखी तापली होती. भावानं खांद्यावरचा रुमाल काढून सीटवर अंथरला, नीट केला, आणि मग मला हात दिला. भाचा थेट गावापर्यंत आमच्या मागे मागे आला, एकदाही हॉर्न न वाजवता.