भाऊ उठल्याशिवाय

आमच्या औंढ्यात भाऊ उठल्याशिवाय वाढप्यांची पंगत उठत नसे. एकट्याने मध्येच उठायचं नाही, सगळ्यांचं झालं की सगळ्यांनी मिळून उठायचं, हा रिवाज गावोगावी आहेच. पण भाऊंच्या पंगतीत तो पाळणं म्हणजे परीक्षा होती. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी अख्खं गाव जेवून गेलं की आम्ही वाढपी बसायचो. आमचं दहा मिनिटांत आटपायचं. भाऊंचा तेव्हा कुठे भाताचा दुसरा ढीग फुटलेला असायचा. मग उष्टा हात पत्रावळीवर धरून, तो पार वाळेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे बघत बसायचो. "काय बगताय? शिका," असं म्हणून ते आमटी मागायचे.

भाऊ माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. थोडी भातशेती आणि लोणावळ्याच्या एका कारखान्यातली नोकरी, असं त्यांचं आयुष्य गेलं. देह असा, की दारात उभे राहिले तर घरात अंधार व्हायचा. तरी आमटीची बादली घेऊन निघाले की पंगतीत त्यांच्या पायाला पान लागत नसे. वाढायला मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मी कुणाला "अजून हवं का?" असं विचारलं, की पाठीमागून आवाज यायचा, "मास्तर, इचारून वाढत्यात ते हाटेलात. हितं वाढायचं!" मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवतो म्हणून मी मास्तर. त्यांचा दुसरा नियम जेवणाऱ्यासाठी होता. पानात पडलं ते टाकायचं न्हाई. हे दोन नियम एकत्र आल्यावर जेवणाऱ्याचं काय होत असेल, याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता.

पुढे भाऊंची साखर वाढली, गुडघे गेले, बसल्या जागी डोळा लागायला लागला. पोट लहान करण्याच्या ऑपरेशनचा विषय मुलाने काढला तेव्हा भाऊंनी आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी काकींनी रडून त्यांना पुण्याला नेलं. सोबत मीही होतो. डॉक्टरांनी चित्र काढून सगळं समजावून सांगितलं आणि काही विचारायचंय का म्हणाले. भाऊंनी एकच विचारलं, "डाक्टर, पुना पंगतीत बसता येईल ना?" डॉक्टर हसले. "बसा की. खा मात्र थोडं." भाऊ हसले नाहीत. त्यांना दोन्ही एकच वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. "पोटाची वाटी करून दिली," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. नातवाच्या चमच्याने मऊ भात खायचा, एकेक घास चावत बसायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. सदरे अंगावर लोंबायला लागले. साखर उतरली, जिना चढता यायला लागला, गाव वाहवा करायला लागलं. पण मी एकदा सहज विचारलं, "आता बरं वाटत असेल?" तर म्हणाले, "बरं हाय. पन भूकच न्हाई रं लागत. सकाळी उठलं का काय करावं, त्येच कळत न्हाई." आत काकी पातेलं घासत होत्या. त्यांच्या हाताला अजून जुनाच अंदाज होता. रोज भात उरायचा आणि रोज त्या पदर डोळ्याला लावून तो गाईला घालायच्या.

त्यातच मी घर बांधलं आणि वास्तुशांत घातली. भाऊ आले, पंगतीत बसले. मी जिलेबीचं ताट घेऊन फिरत होतो. त्यांच्या पानात चमचाभरच भात होता. माझ्या घरचं पहिलं जेवण आणि भाऊंचं पान रिकामं! विचारायचा प्रश्नच नव्हता. दोन जिलेब्या टाकल्या आणि पुढे सरकलो. वर ओरडलोही, "भाऊ, तुमचाच नियम!" पंगत हसली. भाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही खाल्ल्या.

पाच-दहा मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, पोटात कळा आल्या. आतल्या खोलीत नव्या गादीवर त्यांना निजवलं. मुलाने डॉक्टरांना फोन केला. ऑपरेशननंतर गोडाने असं होतं, पडून राहू द्या, असं ते म्हणाले. मी उशाशी बसलो होतो. लाजेने माझी मान वर होत नव्हती. भाऊंनी डोळे न उघडताच माझा हात धरला. "तुजी चूक न्हाई, मास्तर. तुला शिकीवलं कुनी?"

त्या दिवसापासून ते कुणाच्याच पंगतीला गेले नाहीत. लग्नाला जायचे, अक्षता टाकून परतायचे. सप्ताहात दिवसभर मंडपात असायचे आणि जेवणं सुरू झाली की घरी. लोक समजूतदार होते, कुणी बोलत नसे. मला मात्र प्रत्येक सप्ताहात ती रिकामी जागा दिसायची. ती माझ्या हाताने झालेली होती.

मी त्यांच्या घरी जायला लागलो, मुद्दाम जेवणाच्या वेळी. एकदा काकींनी नवा भात केला होता. भाऊंनी चमच्यावर चार शितं घेतली, तोंडात धरली, डोळे मिटून चावत राहिले. "वरच्या खाचराचा हाय," ते म्हणाले. काकींनी कणगीकडे पाहिलं आणि मान हलवली. "व्हय. पर तुमाला कसं कळलं?" "वास येगळा हाय. इंद्रायणीच, पन खालच्यापेक्षा गोडी जास्त." मग माझ्याकडे वळून थोडं ओशाळून म्हणाले, "इतकी वर्सं डोंगर खाल्लं, मास्तर. चव आत्ता लागायली." त्या दिवशी काकींनी मला त्यांच्यादेखत विचारलं, "भात चांगला झालाय ना?" आणि उत्तर मात्र भाऊंकडून ऐकायची वाट बघत राहिल्या.

गेल्या सप्ताहाला मी त्यांना घरून घेऊन आलो. यायला तयार नव्हते. "पानात पडलं का मला ऱ्हावनार न्हाई, आन् खाल्लं का सोसनार न्हाई," म्हणाले. मी म्हटलं, वाढणारा मी आहे. गाव जेवून गेलं. वाढप्यांची पंगत बसली आणि भाऊ त्यांच्या जुन्या जागी, खांबाला टेकून बसले. मी बादली घेऊन त्यांच्यासमोर वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊ, किती वाढू?"

औंढ्याच्या पंगतीत भाऊंना असं कधी कुणी विचारलं नव्हतं. दोन-चार माना वर झाल्या. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते हाटेलाचं बोलणं ऐकवणार. पण त्यांनी करंगळीचं पेर धरून दाखवलं. मी तेवढाच भात वाढला, त्यावर आमटीचे चार थेंब, आणि मीही पानावर बसलो.

आमचं दहा मिनिटांत आटपलं. भाऊंचा तेव्हा कुठे दुसरा घास चालला होता. भांडी घासायची होती, मंडप सोडायचा होता, सगळे सकाळपासून उभे. भाऊंच्या ते लक्षात आलं. "उठा रं तुमी," ते म्हणाले, "मला येळ लागंल."

कुणी हललं नाही. उष्टे हात पत्रावळीवर धरून आम्ही बसून राहिलो. हात हळूहळू वाळत गेले. भाऊंनी एकेक शीत चावून संपवलं, बोटं पुसली, पान दुमडलं, आणि ओल्या डोळ्यांनी आमच्याकडे बघून म्हणाले, "काय बगताय?"

मग ते उठले आणि पंगत उठली.