पंचशीलाचा गळा

चाकूरकडच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या टोळीत पंचशीलाएवढी दणकट बाई दुसरी नव्हती, आणि ती गायला लागली की लोक हातोडे खाली ठेवायचे. लातूर नुकता जिल्हा झाला होता. पाऊस जुन्या जिल्ह्यात पडला नव्हता, नव्यातही पडला नाही.

दुष्काळी कामावर श्रीपाद गुरुजी यायचे. पक्के समाजवादी, मनानं लोणी. भाकरीची चिंता मिटली की माणसात दडलेला गवई, चित्रकार, शास्त्रज्ञ बाहेर येतो, असं सांगायचे. एका दुपारी लिंबाखाली पंचशीलाचं बुद्धगीत ऐकून त्यांनी डोळे पुसले.

"पोरी, तुझ्यात गायिका आहे. हे काम संपलं की उदगीरला गाणं शिकायला धाडतो तुला."

त्या एका बोलण्यावर ती बाई जगायला लागली.

मग गुरुजींनीच टोळीला नवी रीत लावून दिली. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं फोडावं, मजुरी सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी. रीत चांगलीच होती, म्हातारी नागुबाई त्यामुळं उपाशी निजेना. पण नागुबाईच्या वाट्याची खडी कोण फोडणार? पंचशीलाला झेपतं. ओल्या बाळंतिणीची, सिंधूची? पंचशीलाला झेपतं. तिच्या दंडातली ताकद सगळ्यांनी हिशेबात धरली. गळा एकाही मेल्यानं धरला नाही.

उन्हाळा लागला तसा तिचा खोकला थांबेना.

"गुर्जी, धूळ लई जायलीय नरड्यात. मला पाणी वाटायला लावा की."

"अगं, तूच मागं सरलीस तर नागुबाईनं कुणाकडं बघायचं?" गुरुजी मायेनंच म्हणाले.

तिनं हातोडा उचलला.

रस्ता पुरा झाल्यावर गुरुजींनी सभा भरवली आणि पंचशीलाला माइकपुढं उभं केलं. पहिली ओळ घोगरी, फाटकी निघाली. दुसरी निघालीच नाही. गुरुजी क्षणभर चपापले, मग तिचा हात धरून त्यांनी उंच केला.

"हे हात बघा! ह्या हातांनी अख्खी टोळी जगवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नागुबाई तर हमसून रडली.

मांडवाबाहेर पंचशीलानं त्यांना गाठलं. "गुर्जी, उदगीरचं कसं?"

गुरुजींनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"उदगीरला नवा रस्ता निघालाय," ते म्हणाले. "मी सांगून ठेवलंय मुकादमाला. तुझ्यासारखी त्यांना हवीच आहे."

"हाव," ती म्हणाली. तेही नीट उमटलं नाही.