पांढऱ्या दिवशी नेकनूरला

बीडात बिंदुसरा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत तरन्नुमभाभीचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे उघडणारी खिडकी, खिडकीला लागून मशीन आणि मशीनमागे भाभी. लग्नसराईत सकाळी बसलेली बाई जेवायलाच काय ती उठायची. अशी वर्षं गेली आणि अंग हळूहळू सुटत गेलं. गल्लीतल्या बायकांची मापं तिला तोंडपाठ, पण स्वतःचं माप घ्यायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. कुर्ता आवळायला लागला की बाजूची शिवण उसवायची, आतलं थोडं कापड सोडायचं आणि पुन्हा शिवायचं. एक दिवस सोडायला कापडच उरलं नाही.

त्याच आठवड्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली आणि मधल्याच पायरीवर खाली बसली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, गुडघे ठणकत होते. नवरा मुस्तकीम मोटारसायकलींचा मिस्त्री. तो गॅरेजवरून धावत आला आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"साखर अगदी काठावर आहे," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरवा. चालताना गुडघे दुखत असतील तर सायकल चालवा."

भाभीला हसूच आलं. सायकल तिनं जन्मात चालवली नव्हती. बसली मात्र होती, माहेरी उमापूरला, लहानपणी, अब्बांच्या सायकलीच्या दांडीवर. अब्बा मागे काकणांच्या पेट्या बांधून गावोगाव फिरायचे. सकाळी निघताना तिला दांडीवर बसवून वेशीपर्यंत न्यायचे आणि तिथं उतरवायचे. ती उभी राहून बघायची. सायकल लहान लहान होत जायची, काकणांची किणकिण मात्र त्यानंतरही बराच वेळ ऐकू यायची. तिलाही चालवायची होती. पण मुलीला सायकल शिकवायची असते हे तेव्हा त्यांच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि तिनंही कधी बोलून दाखवलं नाही.

समोरच्या घरात बबिता राहायची. माहेर पाटोद्याकडचं, सासरी म्हशी. रोज गल्लीभर दूध घालत हिंडायची, तरी अंगानं भाभीच्या तोडीची. डॉक्टरांचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "भाभी, तुमी एकट्या कावून करता? मीबी करते. आमच्या दुधावरची साय कुठं जाती, तर माझ्यातच जाती."

मग दोघींचं सुरू झालं. आधी दुधीचा रस झाला. दोघींना मळमळलं, तो बंद केला. नंतर नुसत्या पपईवर राहणं झालं. तिसऱ्या दिवशी बबिताला पपई बघूनच रडू आलं. मग तिच्या मोबाइलवर कुठूनसं एक नवीन आलं: एका दिवशी एकाच रंगाचं खायचं, दुसरा रंग ताटात येऊ द्यायचा नाही. हे मात्र भाभीच्या मनात भरलं. रंग हेच तर तिचं आयुष्य. हिरव्या दिवशी ती चिंध्यांच्या टोपलीतून हिरवा तुकडा काढायची, ताटाशेजारी ठेवायची आणि मेथी, पेरू, गवार त्याच्याशी ताडून बघायची. मुगाची डाळ हिरवी का पिवळी यावर दोघींचं दुपारभर चाललं. सालीसकट असेल तर हिरवी, असं ठरलं. काळ्या दिवशी कारळाची चटणी आणि भाजलेलं वांगं, तेही सालीसकट. लाल दिवशी बबिता विचारायची, "मटणाची तर्री लालच असती न्हाई का?"

"तर्री लाल हाय गं. पण आतलं मटण?"

"ते झाकलेलं असतंय."

त्या दिवसांत भाभीला स्वप्नंही रंगाची पडू लागली. स्वप्नात सगळं बीड कुणीतरी शिवलेलं असायचं. गल्ल्या म्हणजे धावदोरे, नदी म्हणजे निळी किनार, आणि ती स्वतः त्या शिवणीवरून अलगद सरकत चाललेली, पायांखाली जमीन नसल्यासारखी. जाग आली की बराच वेळ ती तशीच पडून राहायची. गुडघे दुखायला अजून सुरुवात झालेली नसायची.

वजन मात्र काही हलेना. तेव्हा मुस्तकीमनं एका सकाळी मागच्या बाजूला पडलेली लेकीची सायकल बाहेर काढली. उज्मा नर्सिंग शिकायला संभाजीनगरला गेली तेव्हापासून ती तशीच होती. त्यानं साखळीला तेल दिलं, टायरमध्ये हवा भरली, सीट खाली केली.

"चल," तो म्हणाला.

"लोक काय म्हणतील?"

"लोक झोपलेले हायेत."

पहाटे फजरची नमाज झाली की नदीकाठच्या मोकळ्या मैदानात शिकवणी व्हायची. मुस्तकीम मागून सीट धरून पळायचा, भाभी ओरडायची, बबिता हसायची. बबिताला सायकल येत होती. लहानपणी ती पाटोद्याच्या बाजाराला कैचीतून पाय घालून मोठ्यांची सायकल हाणत जायची. आता तिनं नवऱ्याची जुनी दुधाची सायकल घेतली होती, दोन्ही बाजूंना कॅनचे आकडे तसेच लोंबत असलेली.

भाभी पडली, खरचटली, हँडल वाकडं झालं. मग एका सकाळी पाण्यावर धुकं उतरलेलं असताना मुस्तकीमनं हात सोडला. तो सोडल्याचं त्यानं सांगितलं नाही, पण भाभीला तत्क्षणी कळलं. दोरा तुटला की मशीन कशी एकदम हलकी पळायला लागते, ते बोटांना आधी कळतं, तसं. मशीन असती तर ती थांबली असती. आज ती थांबली नाही. समोर धुकं होतं, धुक्यात एक बाभूळ होती, बाभळीच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं. ती त्या काहीच नसलेल्यात शिरली. कुणीतरी हसत होतं. ते आपणच, हे तिला जरा उशिरा समजलं.

त्यानंतर शहर त्यांचं झालं. रोज उजाडता उजाडता दोघी निघायच्या. भाभीचा बुरखा साखळीत अडकू नये म्हणून तिनं त्याला घोट्याजवळ स्वतःच बटणं लावून घेतली होती. बबिता पदर खोचून पुढं. बंद शटरांसमोर कुत्री झोपलेली असायची, बेकरीतून खाऱ्या बिस्किटांचा वास यायचा, फळवाले केळीचे घड उतरवून घेत असायचे. कंकालेश्वराच्या तळ्यात देऊळ उलटं होऊन तरंगत असायचं. भाभी तिथं पाय टेकवून उभी राहायची. पाण्यातलं देऊळ हलायचं, पाण्यावरचं स्थिर असायचं. तिला वाटायचं, रोज बघत आलेलं हे गाव आपण खिडकीतून बघत होतो. आत आलो ते आत्ता. बोलायची मात्र काही नाही. बबिताला भूक लागलेली असायची.

नेकनूरची गोष्ट बबितानंच काढली. नेकनूरला भाभीची खाला, म्हणजे मावशी राहायची, रहेमतबी. भाभीची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच उमापूरला येऊन तिला वाढवलं होतं. आता पाय गेले होते, घराबाहेर पडणं होत नव्हतं. भाभी तिला भेटायला जायची बसनं, ईद झाल्यावर, तीही घाईत.

"घाट लागतो मधी," भाभी म्हणाली.

"घाटात ढकलू," बबिता म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी त्या निघाल्या. तो नेमका पांढरा दिवस होता. दही, मुरमुरे आणि मुळा, एवढंच दोघींच्या पोटात. शहर मागं पडलं, खजाना बावडी गेली, ऊन वर आलं. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. डोंगर हिरव्यातून पिवळ्याकडे निघाले होते आणि उतारांवर सीताफळाची झाडं पसरली होती. मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला तसं दोघी उतरल्या आणि ढकलायला लागल्या. शेजारून ट्रक कण्हत वर चढत होते. निम्म्यावर भाभीला रस्ता वर उचलल्यासारखा दिसला. ट्रकचे आवाज लांब गेले. तिनं सायकल सोडली आणि कडेच्या दगडावर बसली. ओठ पांढरे पडले होते.

"भाभी! ओ भाभी!" बबिता घाबरली.

वरच्या अंगाला एक म्हातारा शेळ्या चारत होता. सटवा त्याचं नाव. काठी टेकत तो खाली आला, खांद्यावरची बाटली पुढं केली. भाभी पाणी प्यायली.

"काय खाल्लंय सकाळधरनं?" त्यानं विचारलं.

"दही. मुरमुरे," बबिता म्हणाली.

"आन् घाट चढायला निघाल्या? कावून वो?"

"आज पांढरा दिवस हाय."

"कोन्ता?"

"पांढरंच खायाचं असतंय आज. वजन कमी व्हाया."

सटवानं थोडा विचार केला. मग त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. "ज्वारीची भाकर पांढरीच असती," तो म्हणाला. "आन् हे सीताफळ. वरून हिरवं, आतून पांढरं. खा."

"गूळ हाय त्याच्यासंगं," बबितानं दाखवलं.

"गूळ डोळे झाकून खायाचा."

भाभीनं खरोखर डोळे झाकले आणि खाल्ला. मग भाकर, मग सीताफळ, मग पुन्हा भाकर. तोंडाला चव आली, पायात जीव आला. सटवा सीताफळं फोडून देत राहिला. तिला सावलीत जरा पडायला सांगून तो बाजूला जाऊन बसला. शेळ्या तिच्या आजूबाजूला पाला ओरपत होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. भाभीचा डोळा लागला.

झोपेत घंट्यांची काकणं झाली. उमापूरची वेस होती. सायकल तिच्याच हातात होती, मागं काकणांच्या पेट्या. अब्बा वेशीवर उभे होते आणि ती निघाली होती. वळून बघावं असं वाटत होतं, पण पडू म्हणून वळत नव्हती. किणकिण तिच्या मागोमाग येत होती. अब्बांना ती बराच वेळ ऐकू येत राहणार, हे तिला झोपेतही माहीत होतं.

उठली तेव्हा गालांवर ओल होती आणि एक करडू तिच्या बुरख्याच्या बटणांकडे तोंड नेत होतं. सटवा वरच्या अंगाला निघून गेला होता. तिनं हात हलवला, त्यानं काठी.

वर पठारावर आल्यावर रस्ता सोपा झाला. नेकनूरला पोचल्या तेव्हा रहेमतबी ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होती. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं.

"कोण गं? तरन्नुम? सायकलीवर? बस बंद हाय का?"

"चालू हाय, खाला."

"मग कावून आलीस असली?"

भाभी सायकल स्टँडवर लावत राहिली. बबितानं साखर, डॉक्टर, पपई असं सगळं सांगून टाकलं. खाला ऐकत होती, पण नजर सायकलच्या कॅरिअरवर होती. चहा झाला, जेवण झालं. मग ती हळूच म्हणाली, "ह्याच्यावर मला बसता येईल?"

"पडशील, खाला."

"पडले तर पडले. बसव."

बबितानं तिला उचलून कॅरिअरवर ठेवलं. काडीसारखी झाली होती. भाभीला वजन असं लागलंच नाही. दोन सुरकुतलेले हात मात्र तिच्या पोटाला घट्ट आवळले गेले. बबिता बाजूनं पळत राहिली. गल्लीतल्या बाया दारात आल्या, कुणी तोंडाला पदर लावून हसलं. पारावरचा एकजण म्हणाला, "रहेमतबी, कुठं निघालीस?" खालानं पकड आणखी घट्ट केली.

"इथून वळू का?" भाभीनं विचारलं.

"न्हाई. पुढं."

"आता?"

"पुढं चल म्हनलं ना."

घरं संपली. गावाबाहेर तुरीला फूल आलं होतं. दोन्ही बाजूंना पिवळं, नजर जाईल तिथवर. भाभीनं पाय टेकले. खालाचं डोकं तिच्या पाठीला टेकलेलं होतं आणि श्वास कापडातून लागत होता. या शेतांतून तिनं वर्षानुवर्षं मजुरी केली होती. दोन-तीन पावसाळे झाले, ती इकडं आली नव्हती.

"तूर लई वर आली यंदा," शेवटी ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कपाशी व्हती इथं. कुनी काढली काय की."

उन्हं कलायला लागेपर्यंत त्या तिथं होत्या. त्या रात्री दोघी तिथंच राहिल्या आणि सकाळी घाट उतरून परत आल्या. उतरताना बबिता मोठमोठ्यानं ओरडत होती. भाभी ब्रेक धरून होती, पण मधूनमधून बोटं सैल सोडत होती.

रंगांचं खाणं तिथंच थांबलं. कुणी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी ताटात वरण, भाजी आणि भाकर एकत्र आली आणि दोघी जेवल्या. बबिताला पुढंही मोबाइलवर काही ना काही सापडत राहिलं. जिरं भिजवलेलं पाणी झालं, उलट्या हातानं जेवणं झालं. भाभी ऐकायची, हसायची, कधी करायचीही. वजन थोडं उतरलं, फार नाही. डॉक्टरांनी साखर बघितली आणि म्हणाले, "जे करताय ते करत राहा." गुडघे थंडीत अजून कुरकुरतात. गच्चीवर मात्र ती मध्ये न बसता जाते. नेकनूरला जाणं आता ईदची वाट बघत नाही. खाला तिला आधी सायकल कुठं लावलीस ते विचारते, मग खुशाली.

मागच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघी पालीच्या धरणाकडे गेल्या होत्या. पाण्यावरून वाफ निघत होती, पाणकोंबड्या त्यात शिरून नाहीशा होत होत्या. धरणाच्या पलीकडे झाडांमधून एक मातीचा रस्ता जाताना भाभीला दिसला.

"हा कुठं जातो गं?"

"काय म्हाईत," बबिता म्हणाली. "मी कधी गेले न्हाई."

भाभीनं पायडल वर घेतलं आणि सायकल त्या रस्त्याला लावली.